हाकेचं नाव

सोलापूर,
६ फेब्रुवारी २०२४

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता ठेवून दिलंस तरी मी समजेन. अक्षर बदललेलं नाही, एवढं तुला दिसेल. मराठीसुद्धा इंग्रजीसारखी उजवीकडे झुकवून लिहिते म्हणून तू चिडवायचास. तुझ्या ओळी वाऱ्यानं पडल्यात, म्हणायचास. त्या अजून तशाच पडलेल्या आहेत.

कळवायचं ते आधी कळवते. जानेवारीत यांना झटका आला. सकाळी दाढी करत होते. बेसिनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला, मी आतूनच विचारलं, "काय पडलं हो?" उत्तर आलं नाही. मी पोळी तव्यावरून उतरवली आणि मग बाहेर आले. ती पोळी मी का उतरवली, हे मी रोज स्वतःला विचारते. तशीच जळू द्यायला हवी होती.

उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला आहे, भिंतीला धरून मोरीपर्यंत जातात. हात नाही. आणि बोलणं गेलं. डॉक्टर त्याला अफेझिया म्हणतात. माणसाला सगळं समजतं, शब्दही आत कुठंतरी असतात, पण बाहेर यायची वाट मोडलेली असते. हे पेपर समोर धरतात, पान उलटतात. वाचता येतं की नाही, ते कुणालाच कळत नाही. मी विचारलं तर मान हलवतात, पण होची मान आणि नाहीची मान यांत हल्ली घोळ होतो. चहा हवा का विचारलं की नाही म्हणून मान हलवतात आणि डावा हात कपासाठी पुढे करतात.

बसवेश, माझा मुलगा, पुण्याला असतो. शनिवारी येतो, रविवारी परत जातो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. नाक अण्णांचं आहे.

मला काही नको आहे. बोलायला कुणी नाही म्हणून लिहितेय असंही समजू नकोस. दिवसभर मी बोलतच असते. आज पाण्याचा दिवस आहे, आज ऊन फार आहे, शेजारच्यांनी शेंगाच्या पोळ्या पाठवल्यात, खाल का चतकोर. संध्याकाळपर्यंत माझाच आवाज मला नकोसा होतो.

फोन केला असता, पण नंबर नाही. असता तरी तू ठेवून दिला असतास. पत्र निदान टेबलावर पडून राहतं.

तुझी बहीण


३ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती. पोस्टमन गल्लीत आला की गॅलरीत जाते, ती ऊन खायला जाते असं समज. सोलापुरात मार्चमध्ये.

यांना आठवड्यातून तीनदा रिक्षानं स्पीच थेरपीला नेते. शिकवणारी मुलगी लहान आहे, बसवेशपेक्षा पुष्कळ लहान. मुंबईला शिकून परत इथंच आली. धम्मप्रिया तिचं नाव. गळ्यातल्या कार्डावर ठसठशीत लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो, ती दारात उभी राहून फोनवर बोलत होती. "जयभीम मम्मी, गोळी घेतलीस का? न्हाय म्हणू नको, मी डबी मोजणार हाय घरी आल्यावर." व्हरांडा माणसांनी भरलेला होता. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. मग ती आत आली आणि आमच्याशी एकदम पुस्तकी मराठीत बोलायला लागली. तू असतास तर हसला असतास. आपली आई पाहुण्यांपुढं असंच करायची.

ती चित्रांची कार्डं ठेवते. कुलूप, छत्री, भाकरी, चष्मा. "काका, हे काय?" आणि मग थांबते. तिचं थांबणं मला सहन होत नाही. मी मधेच सांगून टाकते. ती एकदा म्हणाली, "काकू, तुम्ही पास आहात. काकांना देऊ दे की पेपर." तेव्हापासून मी पदराचं टोक दातात धरून बसते.

एक शब्द यांना येतो. "अगं." दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला तोच आला आणि मी रडले होते, कारण चाळीस वर्षं मला हाक तीच. पण हे नर्सलाही अगं म्हणाले. मग बसवेशला, मग मोठ्या डॉक्टरांना. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बोला, मी आलो." कुलूप दाखवलं तरी अगं. टीव्हीतल्या बातम्या देणारीलाही अगं.

आम्हाला त्याचं हसू यायचं. परवापर्यंत. परवा हे मोरीत घसरले आणि अगं, अगं करत राहिले, आणि मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. मला वाटलं, टीव्हीशी बोलतायत. किती वेळ ते त्या ओल्या फरशीवर होते, मला माहीत नाही. लागलं नाही फारसं. पण माझ्याकडे बघितलं ते असं, की जणू मी ऐकूनही आले नाही.

धम्मप्रियाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आधी काकूंचं नाव परत आणू. अगं सगळ्यांचं झालंय. तुम्हालाच बोलवायचं तर तुमचा स्वतःचा शब्द पाहिजे." बसवेशनं फॉर्मवर माझं नाव भरलेलंच होतं. तिनं माझा फोटो मागितला, कार्डावर चिकटवला आणि खाली मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं.

ते नाव तुला माहीत आहे. तुला आवडत नाही म्हणून इथं लिहीत नाही.

तुझी बहीण


२४ मार्च

दादा,

थोडक्यात लिहिते. यांची प्रगती आहे. "पाणी" येतं. कधी त्याच्याऐवजी आईशी बोलायचे ते कानडी "नीर" येतं. धम्मप्रिया म्हणते, येईल ते घ्यायचं, भाषा विचारत बसायचं नाही. मोजताना एकपासून सुरुवात करून दिली की दहापर्यंत न अडखळता जातात. गाणं असेल तर ओळही पुरी करतात.

कार्डावरचं नाव मात्र येत नाही. ती पहिलं अक्षर तोंडात देते, "शि..." आणि थांबते. त्यांना घाम येतो. मागच्या आठवड्यात असंच ते बराच वेळ फोटोकडे बघत बसले आणि मग एक शब्द बोलले. स्पष्ट. झटक्यानंतर इतकं स्पष्ट काहीच बोलले नव्हते. पण तो शब्द चुकीचा होता. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव.

धम्मप्रिया म्हणाली, असं होतं, एक नाव काढायला गेलं की भलतंच हाताला लागतं. पण चुकीचा शब्द जिभेला बसला की मग उठत नाही, म्हणून पहिल्यापासून अडवायचा. रागावायचं नाही, हातावर हलकेच थोपटायचं, कार्ड दाखवायचं आणि बरोबर नाव आपण म्हणायचं. तो रविवार नव्हता, पण रजा टाकून बसवेश आला होता. त्यानं मला विचारलं, "आई, हे कोण गं?"

मी म्हटलं, "गिरणीच्या ऑफिसात कुणी असेल."

"बाबांच्या ऑफिसातल्या बाईचं नाव त्यांना आठवतंय आणि तुझं नाही?" तो हसत म्हणाला, पण जिना उतरताना त्यानं माझा हात धरला. त्याला वाटलं, मला वाईट वाटलं असेल.

घरीही आम्ही तसंच करतो. हे तो शब्द काढतात, मी हातावर थोपटते, मान हलवते, कार्ड दाखवते. आता ते तो शब्द कमी काढतात. गेले दोन दिवस अगंसुद्धा म्हणालेले नाहीत. काही हवं असेल तर वाटीवर चमचा वाजवतात.

तुझी बहीण


१४ एप्रिल

दादा,

आज जयंती. संध्याकाळपासून मिरवणुकीचा आवाज येतोय. खिडक्यांच्या काचा थरथरतात. तू आज पांढरा शर्ट घालून विहारात गेला असशील.

तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला वाट नव्हती. लग्न झाल्यापासून दर वर्षी या दिवशी मी गच्चीवर जाते. एप्रिल हा कुरडयांचा महिना, त्यामुळे निमित्त शोधावं लागत नाही. सासूबाई होत्या तेव्हाही जायचे. वाळलेल्या कुरडया उचलायला इतका वेळ कसा लागतो, असं त्यांनी कधी विचारलं नाही, कारण हे माझ्या आधी वर स्टूल नेऊन ठेवायचे. कठड्याजवळ. तिथून कोपऱ्यावरून वळणारी मिरवणूक दिसते. आम्ही यावर कधी एक शब्द बोललो नाही. आज स्टूल मीच नेलं, आणि ते ठेवताना मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

तो चुकीचा शब्द शालन होता.

आता तुला सगळं कळलं असेल. तुझ्याशिवाय हे वाचून कळणारं माणूस आता नाही.

अण्णांची ती गोष्ट आई दर उन्हाळ्यात सांगायची. मी आत्याकडे राहून कॉन्व्हेंटला जायला लागले आणि सुट्टीत घरी आल्यावर म्हटलं, सिस्टर मला शार्लट म्हणतात, छान आहे ना. अण्णा दुसऱ्या दिवशी रजा टाकून रेल्वे वर्कशॉपच्या निळ्या कपड्यांतच सोलापूरच्या गाडीत बसले. ऑफिसात उभे राहिले. "सिस्टर, हिचं नाव शालन हाय. लिवताना बी शालन आन् हाक मारताना बी शालन." सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी सॉरी म्हटलं आणि अण्णांना खुर्ची दिली. अण्णा बसले नाहीत. परतीची गाडी चुकेल म्हणाले.

आणि मी त्या नावाचं काय केलं, ते तू म्हणालास तेच. "अण्णा त्या नावासाठी सायबिणीपुढं उभा ऱ्हायला, आन् तू सासूपुढं चपलेसारखं काढून ठिवलंस." त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस.

सासूबाईंची एकच अट होती. चंद्रव्वा नाव त्यांचं, बाई तशी वाईट नव्हती, पण गल्लीची फार भीती. "पोरगी येऊ दे. माझा पोरगा ऐकत न्हाय तर येऊ दे. पण नाव नवीन, माहेर न्हाई. कुणी विचारलं तर विजापूरकडची, आई-बाप वारले." आपण बौद्ध, हे लिंगायत, आणि त्या काळातलं सोलापूर. नवरीचं नाव तर सगळ्यांकडेच बदलतात, असं मी मनाला सांगितलं. ताटात तांदूळ पसरले होते. सासूबाई एकेक अक्षर सांगत होत्या आणि हे अंगठीनं लिहीत होते, शि, व, ली, ला. लिहून झालं आणि ताट उचलताना यांचा कोपर लागला, सगळी अक्षरं मोडली. बायका हसल्या. मीही हसले.

लग्नाआधी गिरणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. हे गोदामाच्या हिशेबाला. दारात उभे राहायचे, हातात चलनांचा गठ्ठा. "शालन, एवढं होईल का आज?" सगळे मला मिस म्हणायचे, हे नावानं. त्या आवाजावर मी अण्णांनंतरचा सगळा जीव टाकला.

तोच आवाज होता, दादा. त्या खोलीत, कार्डासमोर. जीभ जड, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण आवाज तोच. आणि मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि मान हलवली.

खाली ढोल वाजतायत. हे आत जागे आहेत. मी जाते.


२१ एप्रिल

दादा,

सप्रेम जयभीम.

हे लिहायला मी कागद समोर ठेवून पुष्कळ वेळ बसले. लिहिलं तेव्हा सोपं होतं.

बुधवारी थेरपीला गेलो. धम्मप्रियानं कार्ड काढलं. यांनी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं. ती म्हणाली, "काकू, काका का बंद झालेत, कळेना मला. घरी काका तुम्हाला काय म्हणायचे? पूर्वी?"

"अगं," मी म्हटलं.

"ते झालंच. पण नावानं? भांडताना? पाहुण्यांत? कधीतरी शिवलीला म्हणाले असतील की."

मी आठवायला बसले. बसवेशच्या बारशाला, बँकेत, हॉस्पिटलात, सासूबाई गेल्या तेव्हा, कधीतरी. "बसवेशची आई" आठवलं. "घरातले" आठवलं. दादा, चाळीस वर्षांत यांनी मला त्या नावानं एकदाही हाक मारलेली नाही. मला वाटायचं, नवरे बायकोचं नाव घेत नाहीत, तसे हेही. मला कधी त्यात काही वेगळं दिसलं नाही.

तिला मी एवढंच सांगितलं, "नाही. कधीच नाही."

तिनं कार्ड आपल्याकडे ओढून घेतलं. "मग तो शब्द त्यांच्याकडे नव्हताच की, काकू. मी महिनाभर नसलेली वस्तू मागत होते त्यांच्याकडं." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "आणि शालन?"

मी म्हटलं, "ते माझं नाव आहे."

हे भिंतीकडे बघत होते ते वळले.

तिनं कार्डावरचा फोटो नखानं हळूहळू सोडवला. मग म्हणाली, "माहेर कुठलं काकू तुमचं?"

"कुर्डुवाडी. वडील वर्कशॉपात होते."

ती हळूच म्हणाली, "जयभीम काकू."

उत्तर माझ्या तोंडात होतं. पण येईना. ओठ हलले, आवाज नाही. मला घाम फुटला. आणि ती थांबली, दादा. यांच्यासाठी थांबते तशीच, न सुचवता, न घाई करता, चेहऱ्यावर काही न आणता. हेही माझ्याकडे बघत थांबले होते. शेवटी आलं. घोगरं आलं, पण आलं.

तिनं कोरं कार्ड घेतलं, माझा फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, शालन.

शनिवारी बसवेशला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामा आहे एवढं माहीत होतं. मला वाटायचं, जमिनीवरनं भांडण असेल. सगळ्यांचं तेच असतं." थोड्या वेळानं म्हणाला, "मला चाळीशी लागायला आली आणि आज आईचं नाव कळतंय." रागावला आहे का ते कळलं नाही. पण जाताना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजोबांचा फोटो नाही का गं एखादा?" माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे, निळ्या कपड्यांतला.

आता मी तुला एक गोष्ट मागणार आहे. पहिल्या पत्रात काही नको म्हटलं होतं, ते खोटं धर.

यांना आता ते नाव म्हणायची भीती वाटते. आम्हीच घातलेली. कार्ड दाखवलं की ओठ श वर येतात आणि मग माझ्या हाताकडे बघतात, मी थोपटणार का म्हणून. धम्मप्रिया म्हणते, कार्डानं हे जाणार नाही. त्यांना ते नाव घरात, खऱ्या हाकेत ऐकू आलं पाहिजे. कुणीतरी हाक मारतंय आणि मी ओ देतेय, असं दिसलं पाहिजे. मग धीर येईल. पण हाक मारणार कोण? मुलगा आई म्हणतो. ती काकू म्हणते. गल्लीला मी शिवलीलाताई. काल मी स्वतःच स्वयंपाकघरातून ओरडले, "शालन," आणि "ओ," म्हणत पदर खोचून बाहेर आले. हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसले. पण हसलेच फक्त. त्यांना कळतं, ही नाटक करतेय.

मला त्या नावानं हाक मारणारे जगात दोघंच उरलेत. एकाची जीभ गेली आहे.

तू मला माफ करावंस म्हणून बोलवत नाही. आमच्याकडं पाणी घेऊ नकोस, बसू नकोस, अण्णाही बसले नव्हते. सकाळच्या गाडीनं ये आणि दुपारच्या गाडीनं परत जा. नुसता दारात उभा राहा. लहानपणी शाळेच्या सुट्टीला मला स्टेशनवर घ्यायला यायचास आणि डब्याडब्याशी ओरडत यायचास, तेवढ्या मोठ्यानं. गल्लीला ऐकू गेलं तर जाऊ दे.

यांची खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवली आहे. दार दिवसभर लोटलेलंच असतं.

बेल वाजवू नकोस. हाक मार.

शालन